कौसाबाईंचा धवळा आणि दौलतरावांची खोकी

दौलतराव भोईरांच्या घरात लाउडस्पीकर शिरला तो सासूमुळे. ज्या घराला सासू आहे त्या घराला लाउडस्पीकर लागतोच कशाला, असं त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी बाळाजी तात्या म्हणत. पण तात्यांनी तोवर कौसाबाईंना ऐकलं नव्हतं, आणि सगळं रामायण नेमकं ऐकण्यावरूनच झालं होतं.

कौसाबाई बारवी धरणाच्या अंगाला एका पाड्यावर राहत. त्या टापूतल्या त्या नावाजलेल्या धवलारीण. लग्नात गाण्यातून देवांना, पितरांना, डोंगराला, पाण्याला मांडवात बोलावते ती धवलारीण, आणि ते गाणं म्हणजे धवळा. कौसाबाईंनी धवळा धरला की ओढ्यापलीकडे चरणाऱ्या म्हशी माना वर करत. अशा बाईचा आवाज कायमचा जपून ठेवावा, असं जावयाला वाटलं तर त्यात वाईट काय? दौलतरावांनी एका लग्नात आपला छोटा टेपरेकॉर्डर मांडवाच्या खांबाला टांगला, धवळा टेप केला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गोतावळ्यासमोर मोठ्या ऐटीत वाजवून दाखवला.

कौसाबाईंनी मान तिरकी करून ऐकलं.

"ही कोन बाय गाते?"

"तुम्हीच, आई."

"मी? ही तं डब्यान कोंडलेली चिमनी हाय!"

गोतावळा हसला. गोतावळा हसला नसता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं; पण लग्नघरातला गोतावळा हसण्यासाठीच जमलेला असतो. कौसाबाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "जवाय, माजा आवाज तू डब्यान घातलास. त्याला भायेर काढशील तवा मी तुज्या घरा येन. तवर नाय."

आणि खरोखरच त्या यायच्या थांबल्या. त्यांच्याबरोबर सुकट, तांदळाचं पीठ, करवंदाचं लोणचं हेही यायचं थांबलं. दौलतरावांच्या बायकोने, इंदुबाईने, दोन दिवस आईची वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ घालायचं विसरली. चौथ्या दिवशीही विसरली, तेव्हा तो विसर नसून निषेध आहे हे दौलतरावांच्या ध्यानात आलं.

दौलतराव अंबरनाथच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. त्याच कंपनीच्या ड्रॉइंग खात्यात जयदेव नावाचा एक जाड भिंगाचा गृहस्थ होता. कंपनीच्या वेळात तो कंपनीची ड्रॉइंगं काढी, आणि उरलेल्या वेळात, म्हणजे कंपनीच्याच वेळात, स्पीकरची. दौलतरावांनी डबा खाताना त्याच्यापुढे मन मोकळं केलं. जयदेवने भाजीची वाटी बाजूला सारली.

"दौलतराव, टेपमध्ये तुमच्या सासूबाई पूर्णच्या पूर्ण आहेत. फक्त बाहेर पडायचं दार लहान आहे."

संध्याकाळी तो त्यांना शिवमंदिराजवळच्या आपल्या खोलीवर घेऊन गेला. खोलीत खाट नव्हती, कारण खाटेच्या जागी एक लाकडी धूड उभं होतं. त्याच्या छातीवर कागदी शंकूचा, म्हणजे जयदेवच्या भाषेत 'कोना'चा, एकच स्पीकर होता. जयदेवने बासरीची कॅसेट लावली, आणि दौलतराव चमकून दाराकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, बासरीवाला आत आला. बासरी तर होतीच, पण फुंकरीच्या आधी घेतलेला श्वासही होता, आणि बासरीवाल्याला जरासं पडसं झालं असावं, हेही कळत होतं.

"बाजारातल्या स्पीकरमध्ये काय करतात," जयदेव म्हणाला, "जाड आवाज एकाकडे, बारीक आवाज दुसऱ्याकडे. वाटणी! भाऊबंदकी! मग आवाज एकदिलाने येणार कुठून? आपला एकच कोन. जाड-बारीक, थोर-लहान, सगळे एका छपराखाली. एकत्र कुटुंब."

"आणि हे एवढं मोठं खोकं?"

"कोन पुढे जेवढा गातो तेवढाच मागे गातो. मागचा आवाज लोक वाया घालवतात. आपण त्याला खोक्यातल्या दुमडलेल्या बोगद्यातून फिरवतो. बोगदा रुंद होत होत खालच्या तोंडाशी उघडतो. मागच्या दाराने गुपचूप निघालेला आवाज गल्लीबोळातून फिरून पहिलवान होऊन पुढच्या दारी येतो."

भाऊबंदकीपायी स्वतःची वडिलोपार्जित जमीन गमावलेल्या माणसाला ही भाषा लगेच समजली. दौलतराव बदलापूरला आपल्या घरी परतले ते तरंगतच. त्यांनी इंदुबाईंना सांगितलं, "तुझ्या आईला बाहेर काढतो." त्याचा अर्थ तिने वेगळाच घेतला आणि त्या रात्रीच्या आमटीत मिठाबरोबर डाळही नव्हती.

स्पीकरची जोडी उल्हासनगरला लच्छूमलच्या दुकानात मिळाली. लच्छूमलकडे जगातली प्रत्येक जुनी वस्तू होती आणि ती प्रत्येक वस्तू नवी असल्याचं तो सांगे. त्याने माळ्यावरून दोन स्पीकर काढले. फुंकर मारल्यावर दुकान काही वेळ दिसेनासं झालं.

"साईं, एकदम असली जोडी. सगे भाई."

"पण एकाचा कोन पांढरा आहे, एकाचा काळा."

"तो क्या हुआ? एक बाप पे गया, एक माँ पे."

"हा काळा जरा खरखरतो."

"गला साफ कर रहा है, साईं. सालों से चुप बैठा है, आप बोलेंगे तो आपका भी होगा."

अशा युक्तिवादापुढे सुशिक्षित मराठी माणसाचं काही चालत नाही. दौलतराव दोन्ही भाऊ पिशवीत घालून निघाले आणि तिथल्याच फर्निचर बाजारात धोंडिबा सुताराकडे गेले. जयदेवने काढलेलं ड्रॉइंग फळीवर पसरल्यावर धोंडिबाने ते उभं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं, आणि विचारलं, "साहेब, ह्यात हँगर कुठं लावायचे?"

"हे कपाट नाही. ह्यात आवाज ठेवायचा आहे."

धोंडिबाने आजवर कपाटं, कपाटं आणि कपाटंच केली होती. तरी आतल्या तिरक्या फळ्या त्याने ड्रॉइंगबरहुकूम बसवल्या. बाहेरच्या बाजूला मात्र त्याच्या हाताला राहवलं नाही. दौलतराव न्यायला गेले तेव्हा पुरुषभर उंचीच्या दोन पेट्या गुलाबाच्या फुलांच्या सनमायक्यात नटून उभ्या होत्या. प्रत्येकीला पितळी मूठ होती, मुठीखाली कुलपाचं भोक होतं, आणि एकीच्या कुशीला आरसा होता.

"धोंडिबा, हे उघडतच नाही, मग मूठ कशाला?"

"बिनमुठीचं नागडं दिसत होतं, साहेब."

"आणि आरसा?"

"त्याचं काही लावणार नाही. तुम्ही पहिलं गिऱ्हाईक, ज्यानं आवाज ठेवायला नेलं."

टेम्पो अंबरनाथच्या वाटेला लागला आणि जकात नाक्यावर थांबला. नाक्यावरचा कारकून पापभीरू माणूस होता. मालाचं नाव लिहिल्याशिवाय तो मुंगीलासुद्धा पुढे सोडत नसे.

"माल काय?"

"स्पीकर."

"कुठेत स्पीकर?"

दौलतरावांनी पिशवी उघडून दोघे भाऊ दाखवले.

"हे ठीक. मग ती दोन खोकी काय?"

"स्पीकर त्यात बसणार."

"बसेल तेव्हा बसेल. आत्ता ती काय आहेत?"

प्रश्न वेदान्तातला होता. दौलतरावांनी पिशवी मिटली. कारकुनाने पेटीभोवती प्रदक्षिणा घातली, मूठ ओढली, कुलपाच्या भोकाला डोळा लावला. "कुलूप आहे, पण दार नाही?"

"दार नाही."

"दार नाही तर कुलूप कशाला?"

"सुताराला नागडं दिसत होतं म्हणून."

कारकुनाने ह्या वाक्यावर बराच विचार केला. मग आरशात बघून भांग सारखा केला, आणि पावतीवर लिहिलं, 'कपाट, न उघडणारे.' दौलतरावांच्या अभिमानाला तडा गेला, पण टेम्पोला पुढे जायला मिळालं.

खरा अडथळा सोसायटीच्या दारात उभा होता. बाळाजी तात्या सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते, पण सरकार त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. दौलतराव भोळेपणाने 'लाउडस्पीकर' म्हणाले आणि तात्यांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर दोन्ही हात पसरले.

"लाउडस्पीकरला पोलीस ठाण्याची परवानगी लागते. कायदा आहे."

"तात्या, तो लग्नामुंजीचा. हा घरातल्या घरात."

"लाउड तर आहे ना? स्पीकर तर आहे ना? मग?"

पेट्या जिन्याखाली राहिल्या आणि दौलतराव ठाण्यात गेले. हवालदार चांगल्या मनाचा होता. त्याने कागद पुढे ओढला.

"कार्यक्रम कसला?"

"कार्यक्रम नाही. मी ऐकणार."

"पब्लिक किती?"

"मी एकटा. कधी कधी मंडळी."

"म्हणजे पब्लिक येणार."

"मंडळी म्हणजे बायको हो!"

हवालदाराने लेखणी खाली ठेवली. "एकट्या माणसाला लाउडस्पीकर कशाला? कमी ऐकू येतं का?"

"चांगलं ऐकू येतं. म्हणूनच पाहिजे."

हवालदाराने त्यांच्याकडे फार मायेने पाहिलं, चहा मागवला, आणि घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली. परवानगी मात्र देता येईना, कारण एका माणसाने स्वतःच्या घरात ऐकण्याला परवानगी द्यायची सोय कायद्यात नव्हती. मग परवानगीची गरजच नाही, हे तात्यांना लेखी हवं होतं. अशी गोष्ट लेखी देणारा अधिकारी भारतात जन्मायचा होता.

पेट्या जिन्याखालीच पडून राहिल्या. कुणी त्यांच्या खालच्या तोंडात छत्र्या ठेवू लागलं, कुणी वर्तमानपत्रांची रद्दी. बायका जाता-येता आरशात कुंकू ठीक करू लागल्या. बिल्डिंगमधली भुरी मांजर तर दिवसदिवस तिथेच लोळे. शेवटी इंदुबाईंनीच दौलतरावांच्या खिशातली जकातीची पावती काढून तात्यांपुढे धरली. तात्यांनी चष्मा लावून वाचली. "कपाट! मग आधी नाही का सांगायचं? सरकारी शिक्का आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला." आणि स्वतः मागून ढकलत त्यांनी पेट्या वर चढवल्या. "कपाटं भरलेली आहेत की काय हो?" धापा टाकत ते म्हणाले. "ही डावी जरा जड लागते."

स्पीकर बसले, तारा जोडल्या, जयदेवने स्वतःच्या हाताने बांधलेला छोटा ॲम्प्लिफायर आणला. पण ऐकायला अजून मुहूर्त नव्हता. नवा कोन ताठ असतो, तो वाजवून वाजवून सैल करावा लागतो, अगदी नव्या चपलेसारखा, असं जयदेवने बजावलं. म्हणून दौलतराव सकाळी कामावर जाताना रेडिओ जोडून, चालू ठेवून जात. दिवसभर पेट्यांतून भातावरचा तुडतुडा, गुरांचे लाळ-खुरकूत रोग आणि बाजारभाव ह्यांची माहिती अखंड बाहेर पडे. आठवड्याभरात त्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक गृहिणीला तुडतुड्यावर कोणतं औषध फवारावं, हे पाठ झालं. इंदुबाई मात्र वैतागल्या होत्या. एक तर घरातलं दूध रोज कमी होत होतं. त्याबद्दल त्या दूधवाल्याशी भांडत होत्या. आणि दुसरं म्हणजे जयदेवच्या हिशेबाने दोन्ही पेट्यांचा आवाज जिथे एकजीव होतो ती जागा बरोबर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आली होती. दौलतराव तिथे स्टूल टाकून, डोळे मिटून बसत, आणि इंदुबाईंना प्रत्येक वेळी पातेलं घेऊन त्यांच्या समाधीला वळसा घालावा लागे.

अखेर कोन सैल झाले. दौलतरावांनी धवळ्याची कॅसेट लावली. कौसाबाईंचा आवाज खोलीत आला तो दार न ठोठावता आला. काळा भाऊ किंचित खरखरला, पण आवाजाला अंग होतं, ओल होती, मांडवातली माणसं हलत होती. आणि त्यातच, एका ओळीच्या शेवटी, डाव्या बाजूला, अगदी नाजूक असं—

"म्यांव."

दौलतरावांच्या अंगावर काटा आला. छोट्या टेपरेकॉर्डरवर ही कॅसेट त्यांनी कितीदा ऐकली होती. मांजर कधीच ऐकू आली नव्हती! ह्याला म्हणतात बारकावा! त्यांनी पहिल्या लोकलने जाऊन अंबरनाथहून जयदेवला आणलं. जयदेवने डोळे मिटून ऐकलं आणि गंभीरपणे सांगितलं, "मांजर मांडवाच्या डाव्या खांबामागे आहे. तरुण आहे. बहुधा उपाशी."

ही बातमी बिल्डिंगमध्ये पसरली. लोक मांजर ऐकायला येऊ लागले. चहा पिऊन, उंबऱ्यावरच्या स्टुलावर पाळीपाळीने बसून ऐकू लागले. बाळाजी तात्यांनी तर कपाटातून मांजर ऐकू येण्यात काहीच गैर नाही, असा निर्वाळा दिला आणि वर म्हणाले, "मला तर दोन मांजरी ऐकू येतात." जयदेवला हे झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्याला तीन ऐकू आल्या.

इंदुबाईंनी आईला सांगावा धाडला: आवाज डब्यातून बाहेर काढलाय, ये. रविवारी सकाळी कौसाबाई आल्या. डोक्यावर सुकटीची पाटी, हातात लोणच्याची बरणी. पाटी त्यांनी दारातच ठेवली. आधी ऐकणार, मग घरात देणार. खोलीत जयदेव होता, तात्या होते, दारात शेजारी दाटीने उभे होते. दौलतरावांनी सासूला हात धरून उंबऱ्यावरच्या स्टुलावर बसवलं, आणि बटण दाबलं.

धवळा सुरू झाला. कौसाबाईंचा चेहरा हळूहळू सैलावला. त्यांचे ओठ हलू लागले. इंदुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. दौलतरावांना वाटलं, आपण जिंकलो.

"म्यांव."

कौसाबाईंची मान ताठ झाली. "बंद कर. ही मांजर कनची?"

"तीच तर गंमत आहे, आई! मांडवात होती. तुम्हालासुद्धा तेव्हा ऐकू आली नसेल!"

"माज्या धवल्यान मांजर नव्हती."

"टेपमध्ये आहे ना पण. यंत्र खोटं बोलत नाही, आई."

"मंजे मी खोटी?"

"डाव्या खांबामागे," जयदेव मदतीला धावला. "तीन आहेत."

"मी स्वतः ऐकल्यात," तात्यांनी साक्ष दिली.

कौसाबाई उभ्या राहिल्या. आता त्या चिडल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. "अरं जवाया," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "देवांना आवतन देताना मांजर आडवी झाली तं धवला मोडाया लागतो, पयल्यापासून धराया लागतो. मी नाय धरला. त्या पोरीचा संसार उभा रायला तो मोडक्या धवल्यावर? माज्या हातून झालं ह्ये?" त्यांनी पाटी उचलली. "मी जाते. आता मी कुनाच्या मांडवान नाय गात."

इतके दिवस ज्या मांजरीवर चहा चालला होता तिने एका बाईचं गाणं बंद केलं होतं. इंदुबाई ताडकन उठल्या. "आग लागो तुमच्या यंत्राला!" असं म्हणून त्यांनी भिंतीतला प्लग हिसकून काढला.

शांतता पसरली. आणि त्या शांततेत, स्पष्ट, डाव्या बाजूने—

"म्यांव. म्यांव."

"बिनविजेचा वाजतोय," जयदेव पुटपुटला. त्या क्षणी त्याला खरोखरच आपण फार मोठा शोध लावला, असं वाटलं असावं, कारण त्याचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात गॅलरीतून भुरी मांजर आत आली. मिशांना दूध लागलेलं होतं. तिने जमलेल्या मंडळींकडे तुच्छतेने पाहिलं, सनमायक्याच्या गुलाबांशेजारून चालत गेली आणि डाव्या पेटीच्या खालच्या तोंडातून आत दिसेनाशी झाली. आतून पिल्लांचा एकच गलका उठला.

सगळ्यांत आधी हसल्या त्या कौसाबाई. पाटी खाली टाकून, भिंतीला हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "जवाया! तुज्या लाउस्पीकरान बालंतीन हाय रं!"

दौलतरावही हसले, पण उशिरा, आणि एका गालानेच. ज्या बारकाव्यासाठी आख्खी बिल्डिंग त्यांच्या घरी चहा पिऊन गेली होती, तो बारकावा आता आत बसून दूध पीत होता. जयदेव भिंतीवरचं कॅलेंडर बारकाईने वाचत होता. तात्या म्हणाले, "मी म्हटलंच होतं, डावी जड लागते."

आता पिल्लं काढायची कशी? बोगदा दुमडलेला, हात कोपरापर्यंत जाई आणि तिथे वळण लागे. सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, मिरच्यांची धुरी द्या. कुणी म्हणालं, करवत आणा. तात्या म्हणाले, कपाट आडवं करून हलवा, आणि इंदुबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते एक पायरी मागे सरकले. कौसाबाईंनी सगळ्यांना बाजूला केलं.

"ते वरचं गोल काढ. मी हाक मारते. बालंतिनीला बालंतपन केलेल्या बाईनंच बोलवावं."

जयदेवने पेचकस घेतला आणि स्पीकर सोडवून दौलतरावांच्या हातात दिला. पेटीच्या छातीला गोल भोक उरलं. कौसाबाईंनी त्यात तोंड घातलं आणि हाक दिली: "ये गो बाय, भायेर ये!"

हाक वरून आत गेली, फळ्याफळ्यांतून वळली, आणि खालच्या तोंडातून बाहेर आली ती जणू डोंगराच्या पोटातून आली. मांजर बंदुकीच्या गोळीसारखी सुटली. मग पुन्हा आत गेली, एक पिल्लू तोंडात धरून बाहेर आली, ते गॅलरीत ठेवून परत गेली. सगळी पिल्लं हलवून झाल्यावर तिने पेटीकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

कौसाबाईंचं मात्र मांजरीकडे लक्षच नव्हतं. त्या खाली वाकून पेटीच्या तोंडाकडे पाहत होत्या. "कोन बोललं ते?"

"तुम्हीच, आई," दौलतराव म्हणाले, आणि जीव मुठीत धरून उभे राहिले. हेच उत्तर मागे त्यांना महागात पडलं होतं.

कौसाबाईंनी पुन्हा भोकाशी तोंड नेलं. ह्या वेळी त्यांनी धवळ्याची पहिली ओळ धरली. खोलीतल्या जमिनीला कंप सुटला. मांडणीतले पेले एकमेकांना लागून किणकिणले. खालच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली, समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या. ओळ संपली तरी आवाज क्षणभर खोलीत रेंगाळला, मग गेला.

"ही मी," कौसाबाई म्हणाल्या.

मग काय विचारता! जो तो भोकात तोंड घालायला पुढे सरसावला. कुणी आरती म्हटली, कुणी आपल्याच मुलाला वरच्या मजल्यावरून जेवायला हाक मारली. तात्यांनी पाण्याची टाकी धुवायची असल्याची सोसायटीची सूचना त्यातून दिली आणि ती इतकी भारदस्त वाटली की त्यांनी लगेच दुसऱ्यांदा दिली. जयदेवने भिंगं पुसत पुसत कबूल केलं की कोन काढल्यावर पेटी जास्त चांगली वाजते, आणि मग बराच वेळ खिन्न बसून राहिला. इंदुबाई सुकट भाजायला गेल्या, आणि उंबरा मोकळा असल्यामुळे त्यांना वळसा घालावा लागला नाही.

"ह्ये मी नेनार," जेवण झाल्यावर कौसाबाई म्हणाल्या.

"पण आई, जोडी आहे ती!"

"जोडीतला एक ठेवते ना तुला."

दौलतरावांच्या मांडीवर जेवतानाही काळा भाऊ होता, तारा लोंबत होत्या. त्यांनी तो हळूच खाली ठेवला आणि होकार दिला. सासूला नाही म्हणणारा जावई त्या तालुक्यात तोवर झाला नव्हता.

पुढच्या लगीनसराईत बारवीकडच्या एका पाड्यावर मांडव पडला. पेटी बैलगाडीतून आली. शेणाने सारवलेल्या अंगणात ती डुगडुगत होती, म्हणून कुणीतरी ती धरायला हवी होती, आणि जावयाशिवाय तेवढा रिकामा माणूस मांडवात दुसरा नव्हता. दौलतराव पेटीच्या मागे गुडघे टेकून बसले आणि त्यांनी तिला दोन्ही हातांनी मिठी मारली. वऱ्हाडातल्या पोरी त्यांच्याकडे बोट दाखवून हसत होत्या. कंपनीतला एक साहेब नवऱ्या मुलाकडून आला होता. त्याने त्यांना ओळखलं आणि ओळखलं नाही असं दाखवलं.

कौसाबाईंनी धवळा धरला. दौलतरावांचा कान फळीला लागलेला होता. आवाज कानातून यायच्या आधी छातीतून येत होता. आतल्या वळणावळणाने तो कसा रुंदावत जातो, हे त्यांना बरगड्यांवर कळत होतं. पोटात गुदगुल्या होत होत्या. इतकं चांगलं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकायला उंबऱ्यावर नव्हे, मागच्या बाजूला बसावं लागतं, हे जयदेवला सांगायला हवं, असं त्यांच्या मनात आलं.

"बारवीच्या पान्या, मांडवा ये रं," कौसाबाई गात होत्या. "डोंगरीच्या देवा, मांडवा ये रं. वडलां-आज्यांनो, मांडवा या रं."

देव झाले, पितर झाले. आता हळदीचं गाणं लागायचं. पण कौसाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी पेटीच्या कडेने मागे डोकावून पाहिलं, पुन्हा भोकाशी तोंड नेलं आणि सूर जरासाही न मोडता पुढची ओळ सोडली.

"बदलापूरच्या दौलत जवाया, मांडवा ये रं!"

सगळा मांडव वळून बघायला लागला. उठून, हात जोडून सगळ्यांना नमस्कार करावा, असं दौलतरावांना फार फार वाटलं. पण हात सोडले असते तर पेटी सासूच्या अंगावर गेली असती. म्हणून ते तसेच, गाल फळीला लावून, दात काढून हसत राहिले.